वितीला एक बोट

॥ श्री ॥

धरमतर बंदर, जिल्हा कुलाबा
रविवार, ता. १८ ऑगस्ट १९३५

कोंडाजीस,

धर्माजीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही तिकडे मुंबईत बरा असशील. नारळीपुनव झाली, खाडीला बरंच उधाण होतं. मिठागरांच्या बांधाला दोन ठिकाणी खांड पडली ती बुजवली. तुझ्या आईचा गुडघा पावसात धरतो, पण ती शेतावर जायची थांबत नाही. गणपती दोन आठवड्यांवर आले. तुझी बहीण राही मजेत आहे, असं मी लिहिणार होतो. मजेत नाही, पण तिचं पुढं येईलच.

तुझा पत्ता चंदरनं दिला. परवा मुंबईहून आगबोटीनं आला तो धक्क्यावर उतरता उतरताच तुझ्याविषयी बोलू लागला. तू मोटारींच्या कारखान्यात लागलास म्हणाला. तिथं सुट्टीच्या दिवशी तू नवी लाकडी लॉरी केलीस आणि कारखान्याच्या मालकानं ती बाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवली आहे म्हणे. स्टेरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, असंही म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं, खरंच वळतात की तू हातानं वळवलीस? तो म्हणाला, खरंच वळतात. तर मी त्याला जेवायला थांब म्हणालो नाही. जेवायच्या वेळेला आलेल्या माणसाला मी असाच जाऊ दिला, यावरून मला किती झोंबलं ते ओळख.

चाकं मला कधी वळवता आली नाहीत. सहा लॉऱ्या केल्या, सहाही सरळ जाणाऱ्या.

बंदरावरची माणसं म्हणतात, हा धर्माजी आणि त्याचा मेव्हणा, दोघांना वेड आहे. शेठच्या काट्यावर भाताची पोती तोलणारा बाप्या घरी जाऊन पांगाऱ्याचं लाकूड तासत बसतो, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापतो, सायकलच्या फुटक्या ट्यूबचे टायर करतो. पण हे वेड आधी कुणाचं, ते तुला ठाऊक आहे. शेठची लॉरी पहिल्यांदा धक्क्यावर आली तेव्हा तू तिच्यावर चढायला धावलास आणि मी तिची लांबी मोजायला. वितीला एक बोट, हा हिशोब माझा. खऱ्या लॉरीची एक वीत म्हणजे आपल्या लॉरीचं एक बोट. विती मोजत जायचं आणि घरी येऊन तितकी बोटं लाकडावर मांडायची, की चाकापासून छपरापर्यंत सगळं आपोआप बेतात येतं. तुला मी शिकवलं. शेठनं तुला डायव्हर केलं तेव्हा मात्र लॉरी तुझी झाली आणि मी काट्यावरच राहिलो.

आता दोन वर्षांपूर्वीचं लिहितो. लिहायचं नव्हतं, पण पत्र त्यासाठीच घेतलं आहे.

त्या पावसाळ्यात शेठनं लॉरी माणगावच्या वखारीवर ठेवली होती आणि तिला मागचा हौदा नवा बसवला होता. गणपतीपुढं मांडायची माझी लॉरी अर्धी झाली होती. पुढचा भाग, चाकं, खालचा सांगाडा, सगळं मी आधी स्वतः मोजलेलं. फक्त नवा हौदा राहिला. तू लॉरीबरोबर तिकडं होतास म्हणून तुला कार्ड टाकलं, की हौद्याची लांबी कळव. तुझं उत्तर आलं: साडेतेरा विती. मी साडेतेरा बोटांचा हौदा केला, रंगवला आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी सांगाड्यावर बसवला. मागचं चाक अर्धं उघडं पडलं.

दुसरा करायला वेळ नव्हता. तशीच मांडली. दर्शनाला आलेला गाव आधी हात जोडी आणि मग ओठ दाबून हसे. येसाजी तर मोठ्यानं म्हणाला, "धर्माजीच्या लॉरीला परकर आखूड झाला." हे दीड दिवस ऐकलं.

आणि तिथून माणसं तुझ्या घरच्या गणपतीपुढची लॉरी बघायला जात. मीही गेलो, राहीबरोबर. कोंडाजी, तुझ्या लॉरीविषयी मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, आज काढतो. मडगार्डाच्या आत वाळलेला चिखल होता. डायव्हरच्या दाराच्या कडेवर जिथं तुझा कोपर टेकतो तिथला रंग झिजलेला होता. ताडपत्रीला एक ठिगळ होतं, खऱ्या ताडपत्रीला आहे तिथंच. सुपारीएवढ्या पोत्यांत खरी कणी भरलेली होती. समोर इवलासा पितळी भोंगा. माझ्या लॉऱ्या नव्या कोऱ्या दिसायच्या, तुझी रस्त्यावरून आत्ताच येऊन उभी राहिल्यासारखी दिसत होती. मला नवी लॉरी करता येते. झिजलेली करायला ती रोज हाताखाली लागते, आणि ती तुझ्या हाताखाली होती.

तेव्हाच माझ्या मनानं घेतलं की माप तू मुद्दाम आखूड कळवलंस. नाचता येईना तर माणूस अंगण वाकडं म्हणतो. मी म्हणत होतो, अंगण माझ्या मेव्हण्यानं वाकडं केलं.

शेठ दोन्हीकडे दर्शनाला आले होते. माझ्याकडे प्रसाद घेऊन उठले. तुझ्याकडे चष्मा लावून अर्धा तास बसले. दुसऱ्या दिवशी काट्यापाशी येऊन मला विचारलं, "धरमा, तो भोंग्याचा पितळ कोंडाजीने किधरसे आणला?"

त्याच आठवड्यात लॉरीच्या दिव्याची पितळी कडी नाहीशी झाली होती, हे मला माहीत होतं. आणि भोंग्याचं पितळ कुठलं तेही माहीत होतं. तुझ्या आईनं तुला फुटकं निरांजन दिलं, हे राहीनं मला श्रावणातच सांगितलं होतं. मी म्हणालो, "गाडीवर असतो तो दिवसभर, शेठ. गाडीतलंच असंल."

एवढंच. पोतं तोलता तोलता म्हणालो. काट्याकडे बघत होतो, त्यांच्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी शेठनं तुला लॉरीवरून उतरवलं. कारण सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. मुंबईला जाताना तू केलेली लाकडी लॉरी राहीजवळ ठेवून गेलास. आगबोटीवर चढताना मला म्हणालास, "भावजी, शेठचं कान कुनी भरलं, कललं का?" मी म्हणालो, न्हाय बाबा. तुझी वळकटी मीच उचलून वर दिली.

तेव्हापासून तुझी लॉरी माझ्या घरात फळीवर आहे. जेवताना समोर, उठताना समोर. मी तिला एकदा तांदळाच्या मडक्यामागं सारली, राहीनं पुन्हा पुढं आणली. एकदा मी तिच्या चाकाखाली काय युक्ती केली आहेस ते बघायला ती उलटी केली, तर राही चुलीजवळून म्हणाली, "माज्या भावानं केलीय ती. हात लावायचा न्हाय." तिनं माझ्या सहांपैकी एकीलाही कधी असं राखलं नाही.

पहिल्या भाऊबिजेला तू आला नाहीस. शेजारच्या मनुबाईनं तिला सांगितलं, भाऊ आला नसंल तर चंद्राला ओवाळ. राही म्हणाली, "भाव नसंल तिनं चंद्राला ओवालावं. माजा भाव हाय." आणि तिनं फळीवरच्या लॉरीला ओवाळलं. कुंकू लावलं, सुपारी फिरवली, सगळं केलं. मागच्या वर्षीही तेच. तुझ्या लॉरीच्या कपाळाला अजून ते कुंकू आहे, पुसलेलं नाही. खरं सांगू, मला तेव्हाही तुझा हेवा वाटला. माझ्यामुळं तू परागंदा झालास आणि घरात ओवाळणी तुझ्या लाकडाला होते, म्हणून मीच जळत बसलो होतो. असा माणूस तू दुसरा बघितला नसशील.

आता गेल्या सोमवारचं ऐक.

गणपतीसाठी घर चुन्यानं रंगवायला काढलं. मागच्या भिंतीलगतची भाताची कणगी पुढं ओढली. आठवतं का, हे घर उभं राहिलं तेव्हा माझ्या बाबांनी काय केलं होतं? ज्यानं ज्यानं बांधायला हात लावला त्याला ओल्या मातीत पंजा उमटवायला लावला होता. बोटं फाकवून, चांगला दाबून. राहीशी माझं लग्न व्हायच्याही आधीची गोष्ट, तू नुसता माझा सोबती होतास. कणगीमागं ते पंजे तसेच आहेत. बाबांचा, काकांचा, माझा आणि तुझा.

चुन्याचा कुंचला हातात होता, तो ठेवला आणि उगाच माझ्या पंज्यावर हात ठेवून बघितला. बरोबर बसला. मग तुझ्यावर ठेवला. तुझी बोटं माझ्या बोटांच्या वर निघाली, सगळीच्या सगळी. ताडमाड माणूस तू, पण तुझ्या हाताकडं मी इतक्या वर्षांत बघितलंच नव्हतं. मी सुतळी घेतली. तुझी वीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजली, माझीही मोजली. तुझ्या नऊ विती म्हणजे माझ्या दहा. तुझ्या साडेतेराच्या माझ्या पंधरा होतात.

माझ्या हौद्याला पंधराच बोटं लागत होती.

तू मोजलंस तुझ्या हातानं आणि मी बोटं मांडली माझ्या हाताची. हिशोब माझा, शिकवलेला मी, आणि वीत कुणाची हे विचारायचं मलाच सुचलं नाही. तुझं कार्ड पेटीतून काढून बघितलं. खाली तू लिहिलं होतंस, "दोनदा मोजलं, भावजी." ती ओळ मी तेव्हा वाचली नव्हती असं नाही. वाचली आणि म्हणालो, बघा, किती साळसूद.

चार दिवस कामावर गेलो आणि आलो. शुक्रवारी शेठकडं गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. निरांजनाचं, माझ्या वाक्याचं. शेठनं दौतीत टाक ठेवला आणि म्हणाले, दिव्याची कडी तर त्याच दिवाळीत माणगावच्या वखारीत पोत्यांखाली सापडली होती. मग पुन्हा बोलावलं का नाही कोंडाजीला, असं माझ्या तोंडापर्यंत आलं. पण ते मी कोणत्या तोंडानं विचारणार? ते म्हणाले, कोंडाजी येत असेल तर लॉरी त्याची, आताचा डायव्हर दर आठवड्याला बांधावर चढवतो. आणि मला म्हणाले, काटा उद्यापासून येसाजीकडं. खोटं बोलणाऱ्याच्या हातात काटा ठेवता येत नाही, हे त्यांचं बरोबरच आहे. परकर आखूड म्हणणारा माणूस आता माझ्या जागी बसून तोलतो आहे. मी मिठागरावर जातो. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू गणपतीला ये. लॉरी चालवायला ये किंवा नको येऊस, ते तुझं तू ठरव, मुंबईत तुझं बरं चाललं असेल. पण राहीसाठी ये. माझ्या तोंडावर काय बोलायचं ते अंगणात सगळ्यांदेखत बोल.

माझा हेवा गेला असं लिहिलं असतं तर पत्र जरा बरं दिसलं असतं. गेलेला नाही. वळणाऱ्या चाकांचं ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही. आलास की ते कसं केलंस ते दाखव. नाही दाखवलंस तरी मी विचारत राहीन.

इथवर लिहून मी राहीला सगळं वाचून दाखवलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं फळीवरची लॉरी खाली घेतली, मांडीवर ठेवली आणि पदरानं तिची चाकं एकेक करून पुसली. शेवटचं चाक पुसून झालं तेव्हा मी विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "माजं मी त्याला सांगन. तुमी पत्र टाका. टाकल्याबगर घरात येऊ नका."

म्हणून आता टपालात टाकायला निघतो. या पत्रात एक दुमडलेला कागद आहे. त्यावर मी माझा पंजा ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आहे. तू त्यावर तुझा हात ठेव. बोटं जेवढी बाहेर येतील तेवढी माझी चूक समज. बाकीचं जे केलं ती चूक नव्हती, ते मी समजून उमजून केलं.

तुझ्याहून आखूड हाताचा,
धर्माजी