ओढ्यापलीकडची लस

अव्वा, तुझ्यावर रागावून लिहायचं ठरवलं होतं, पण ते मला कधी जमलंच नाही. लेकीवर रागवायचीस ती तू. भाकरी थापताना मान वर न करता म्हणायचीस, "शिकायलीस ना? मग नीट बोल." नीटच बोलते.

हैद्राबादची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. देवीची साथ निर्णा गावाकडून आपल्या बाजूला सरकत होती. हुमनाबादहून देवी काढणारा आला, चावडीत बसला, आम्हा गावातल्या पोरांचे दंड टोचले आणि ऊन उतरायच्या आत निघून गेला. ओढ्यापलीकडच्या वस्तीला चावडीची पायरी चढायची मुभा नव्हती. तिथली पोरं काठावर उभी राहून बघत होती. तू डोक्यावरचा पदर सावरत थेट पाटलांपुढे गेलीस.

"पाटील, त्यांची पोरं कामून राहिली?"

"अक्का, दुकान सांभाळ की. डॉक्टरीण व्हायलीस व्हय?"

"व्हते. आधी तुमालाच टोचते, जिभेला."

चावडी हसली, पण हलली नाही. मग वस्तीतल्या बायांना गाडीत घालून तू तहसिलीला खेपा घातल्यास. साहेब भेटेपर्यंत दारातून उठायचं नाही, एवढंच तुझं शास्त्र. शेवटी कंटाळून त्यांनी त्याच माणसाला फक्त वस्तीसाठी पाठवलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या घेऊन तो सकाळीच आला, आणि तिथे एक म्हातारी आडवी आली. "आईला इचारल्याबिगर पोरं टोचू देणार न्हाई." देवीचं जे काही असेल ते आधी मरीआईपुढे ठेवायचं, ही तिथली रीत. तू लगेच हो म्हणालीस. नाही म्हटलं असतं तर बाया पोरं घेऊन घरात गेल्या असत्या.

मला ते देऊळ अजून दिसतं. वर पत्रा, आत माणूस ओणवं होईल एवढीच जागा. फडकं सोडून नळ्या पाटावर मांडल्यात, बाजूला दिवे, धुपाचे निखारे, हळद. बाया गाणी म्हणतायत. देवी काढणारा लिंबाखाली विडी ओढतोय. नळ्यांकडे फिरकतही नाही. दुपारी नळ्या बाहेर आल्या आणि वस्तीतलं एकूणएक पोर टोचून झालं. तुला इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

आमच्या दंडांवर फोड आले होते, पिकले होते, खपली धरली होती. त्यांच्या दंडांवर नुसते ओरखडे, तेही बुजून गेले. तू घरोघर दंड चाचपत फिरलीस आणि पुन्हा तहसिलीला गेलीस.

"दिली की लस. आता काय रोज यायचं?"

"पाणी टोचलासा तुम्ही. गावाला लस आन् वस्तीला पाणी!"

पुन्हा कोणी आलं नाही. साथ ओढा ओलांडून गेली. तिकडे दारोदार देवी आल्याची खूण म्हणून लिंबाचे डहाळे लागले, आणि ज्यांना आपण समजावून टोचायला बसवलं त्यांचीच पोरं गेली. तू मरेपर्यंत त्या माणसाला पाणीवाला म्हणत राहिलीस.

पुढे मी हैद्राबादला कॉलेजात शिकले. लस उष्णतेनं मरते, हे बाईंनी फळ्यावर लिहिलं, आणि मला तो पत्रा, ते निखारे दिसले. तुला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्या पहिल्या दिवशी सगळ्यांना एका ओळीत बसवलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं, हे खरंच. पण निखाऱ्यांचं कळलं असतं तर तू ते धरून बसली नसतीस. तू वस्तीतल्या बायांनाही बोल लावला नसतास. देवळात ठेवायला हो मीच म्हणाले, एवढंच तुझ्या डोक्यात राहिलं असतं.

म्हणून तू असतीस तरी हे पाठवलं नसतं. त्या माणसानं पाणी दिलं नव्हतं, मला माहीत आहे. पण कोणी विचारलं तर मी अजून पाणीच सांगते.