धूळमुक्त बेडरूम

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. माझ्या शिंकांना कंटाळून सौ. रजनी खालच्या रिकाम्या भाड्याच्या खोलीत झोपायला गेली. तात्पुरती. सकाळी तिला तिथून बाहेर पडताना भाडेकरू बघतात आणि मला ‘गुड मॉर्निंग मालक’ म्हणताना हसतात. ते हसोत. मला तिच्याशिवाय करमत नाही. होळीच्या आत ती वर आली पाहिजे. या विठ्ठलरावांनी, म्हणजे मी, मनावर घेतलं की घेतलं.

३ फेब्रुवारी
भुकूमच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. अ‍ॅलर्जी. गादीत, पडद्यांत, गालिच्यात धुळीतले बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणाले. धूळ धरणारं सामान बेडरूममधून काढा, चादरी गरम पाण्यात धुवा. एवढंच? मला वाटलं होतं ऑपरेशन सांगतील.

५ फेब्रुवारी
गालिचा काढला. पडदेही. मग लक्षात आलं, समोरच्या टॉवरमधली मंडळी थेट आमच्या बेडरूममध्ये बघतात. मी बनियनवर असतो. त्या टॉवरची जमीन मीच विकली, पण त्यात माझी बेडरूम नव्हती.
शिंका चालू. आवाज जरा वेगळा वाटला. सुधारणा असावी.

८ फेब्रुवारी
चादरी, अभ्रे आणि रजनीची गोधडी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. पाणी एकदम गरम. गोधडी तिच्या आईच्या लुगड्यांची. बाहेर चिंध्या आल्या, आणि सोबत टाकलेले माझे पांढरे लेंगे जांभळे. रजनीला म्हणालो, किडे तरी मेले. ती चिंध्या उचलून खाली गेली. राग नसावा, असता तर बोलली असती.

११ फेब्रुवारी
गादीला प्लास्टिकचं कव्हर घातलं. कूस बदलली की फरसाणाची पुडी उघडल्यासारखा आवाज. वर घाम. डोळ्याला डोळा लागला नाही, त्यामुळे शिंकांवर नीट लक्ष ठेवता आलं. चालूच आहेत.

१३ फेब्रुवारी
एकट्याने शहाणं होऊन भागत नाही. भाडेकरूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला: ‘मालकांच्या गादीत किडे निघाले आहेत. तुमच्याही गादीत असणारच. डोळ्यांना दिसत नाहीत. घाबरू नये.’
याला लोकजागृती म्हणतात. आमच्या माण गावात दुसरं कोण करणार?

१४ फेब्रुवारी
घोटाळा. सगळ्यांनी ढेकूण असा अर्थ काढला. वरच्या मजल्यावरची उत्कर्षा, आयटीत टेस्टिंग करते, बॅगा भरूनच खाली आली. अंकल, ढेकूण असतील तिथे मी राहणार नाही, म्हणाली. मी म्हणालो, ढेकूण नाहीत गं, त्याहून बारीक आहेत. ती पळालीच. शिकलेल्या मुली, पण पूर्ण ऐकून घेत नाहीत.

१६ फेब्रुवारी
चुलतभाऊ नथू आला. आमच्या बिल्डिंगीत ढेकूण झाल्याचं त्याला पौडच्या स्टँडवर कळलं. “दादा, आपल्या घराला कधी डाग न्हवता, लई इज्जत गेली,” म्हणाला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने माझा डबल बेड अंगणात काढून वर कढत पाणी ओतलं. पूर्वी बाज अशीच उन्हात टाकायचे, वर कढत पाणी, की ढेकूण टपाटपा पडायचे. पण बाज बाभळीच्या लाकडाची. हा बेड प्लायवूडचा. दुपारपर्यंत टम्म फुगला. अख्खी आळी बघायला जमली. एकही ढेकूण निघाला नाही, तर नथू सगळ्यांदेखत म्हणाला, “लई हुशार हायेत, वरच लपल्यात.”
आणखी भाडेकरू गेले. रजनी खिडकीतून बघत होती. बहुतेक काळजीने.

२० फेब्रुवारी
गादीही काढली. बेडरूममध्ये आता काहीच नाही. फरशी, चटई आणि मी. काल रात्री एकही शिंक नाही! विज्ञान जिंकलं, म्हणजे मीच जिंकलो. उजाडताच रजनीला सांगायला खाली धावलो. दार नुसतं लोटलेलं. रजनी झोपली होती. तोंड उघडं, हातपाय चारी दिशांना, आणि चक्क घोरत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली. रजनी घोरते हे मला माहीतच नव्हतं. माझ्या शेजारी ती कधी इतकी गाढ झोपलीच नसावी. उठवलं नाही. पायरीवर बसून राहिलो.
उठल्यावर बातमी दिली. बरं झालं, म्हणाली. तुझं अंथरूण वर कधी न्यायचं, विचारलं. “नगं. मी हितंच बरी हाय. लई गाढ झोप लागतीया,” म्हणाली आणि चहा टाकायला उठली. एकच कप टाकला. मग माझ्याकडे बघून अजून पाणी वाढवलं.

२१ फेब्रुवारी, पहाट
शिंक नाही. झोपही नाही.
मुद्दाम शिंकून बघितलं. जोरात, खिडकी उघडी ठेवून. खालच्या खोलीचा दिवा लागला नाही.