तिसऱ्या गाण्यातली चार मिनिटं

मोर्शी, २८ डिसेंबर, संध्याकाळ

आज बाबांना संत्र्याच्या बागेत बसवून माझा अल्बम ऐकवलाच. संथ गिटार, बास, ड्रम. शब्द एकही नाही. तिसऱ्या गाण्यात चार मिनिटं जवळजवळ काहीच वाजत नाही. तेवढी काढून टाक, असं अमरावतीचे मित्र सांगून थकले. मी नाही काढली. का? मलाच धड सांगता येईना. त्या चार मिनिटांत बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही. मग गिटार हळूहळू भरून आली.

बाबा म्हणाले, “पानी तोडल्याशिवाय संत्र्याले फूल येत नाई. तुले हे कोनं शिकवलं वं?”

कोणी काय, त्यांनीच! लहानपणी, फुलं यावीत म्हणून बाबांनी बागेचं पाणी तोडलं होतं तेव्हा, कीव येऊन मी एका झाडाला चोरून पाणी घातलं होतं. सगळी बाग फुलली, तेवढं एक झाड सोडून.

या वेळी हात आवरला मी.