शुद्धिपत्र नसलेलं पान

बाबा, आज ऑफिसात जे घडलं त्याने मी अजून हादरलेली आहे, आणि ते तुमच्याइतकं कोणाला कळेल असं वाटत नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी ओसाकाला आले, जपानी शिकले, आणि आता इथल्या एका वैद्यकीय मासिकात काम करते. यंदापासून छपाई बंद, सगळं इंटरनेटवर. जन्मभर मासिक छापणारे तुम्ही, कपाळाला हात लावला असता.

सकाळी एका डॉक्टरांचा फोन आला. काल चढवलेल्या लेखात तक्त्याचे रकाने सरकले होते आणि लहान मुलांच्या रकान्यात मोठ्यांचा डोस गेला होता. पान मीच चढवलं होतं. संपादकबाई रिसीव्हर कानाशी धरून, समोर कोणी नसताना, कमरेत वाकवाकून माफी मागत होत्या. तेवढ्यात मी रकाने जागेवर आणले. पान इतकं स्वच्छ झालं, की जणू काही घडलंच नव्हतं.

"शुद्धिपत्र कुठे टाकायचं?" मी विचारलं.

"कशाला? आता चूक आहेच कुठे?" बाई म्हणाल्या.

मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुमच्या मासिकात डोस चुकीचा छापून गेलाय आणि तुम्ही आईला, मला फरशीवर बसवून एकेका वर्गणीदाराला पोस्टकार्ड लिहायला लावताय. "पुढच्या अंकात छापा ना, बाबा," मी कुरकुरते. तुम्ही असे कडाडता की आईसुद्धा दचकते. "आणि तोवर ते पोर औषध घेतच राहील, त्याचं काय गं?"

दुपारी मी बाईंना तेच विचारलं. काल ज्यांनी वाचलं, कागदावर काढून घेतलं, त्यांचं काय? त्यांनी मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढली. इथे याचा अर्थ 'नाही' असा असतो. उद्या पुन्हा विचारणार आहे. पानाखाली एक ओळ तरी टाकू द्या, माझ्या नावाने टाका, म्हणणार आहे. नोकरी गेली तर गेली.

पण तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं. दुपारी विचारलं असं म्हणाले ना मी? सकाळी का नाही विचारलं? बाई "कशाला" म्हणाल्या तेव्हा मला हायसं वाटलं होतं, बाबा. मग मी डबा उघडला आणि चवीने जेवले.