मंडईत रॉक अँड रोल

सिंदेवाही, ५ ऑक्टोबर १९५७
लाकूड कापायच्या आरामशीनवर मालकांच्या रेडिओवर सिलोन लागले. एल्विस प्रेस्ली नावाचा अमेरिकन गायक. आधी ट्रक चालवायचा म्हणे. मी ट्रकमध्ये लाकूड चढवतो. म्हणजे निम्मी वाट झालेली आहे.
निश्चय : दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, स्टेजवर रॉक अँड रोल म्हणायचे. वच्छला समोर असेल. मग तिच्या वडिलांशी, सोमाजींशी, सोयरिकीचे बोलायचे.

९ ऑक्टोबर
गाण्याचे शब्द ऐकून उतरवले. अर्थ लागला नाही. शुद्धलेखन निर्दोष आहे.

१४ ऑक्टोबर
मालकांच्या मुलाच्या मासिकात फोटो मिळाला. गुडघे आत, टाचा बाहेर, केस कपाळावर. कंबर कशी हलते ते फोटोत दिसत नाही. ते मी ठरवले. आई म्हणाली, "काऊन रे लच्छू, पोट दुखून राह्यलं काय?" कलेला घरातूनच विरोध असतो.
उभ्या कॉलरचा शर्ट डोमा शिंप्याकडे टाकला. माप घेताना गुणगुणत होता. हल्ली फार खुशीत असतो.

२० ऑक्टोबर
गिटार नाही. ढोल चैतू वाजवणार. एरवी तो देवीच्या पूजेत वाजवतो. म्हणाला, "तू फक्त सुरू कर, बाकी मी सांभाळतो." अनुभवी माणूस बरा.

२६ ऑक्टोबर, मंडईहून आल्यावर
पहिल्याच ओळीला लोक उठून उभे राहिले. अमेरिकेतही असेच होते. चैतूने ठेका वाढवला. मी कंबर, गुडघे, हात, मान, सगळे ठरल्याप्रमाणे सोडले. तेवढ्यात बायांत बसलेली गुणाबाई ओरडली, "अंगात आलं वं पोराच्या! लिंबू आणा!" बायांनी हात जोडले. कपाळभर कुंकू लागले. एकाने हरवलेल्या म्हशीचे विचारले. गाणे मध्येच तोडायचे नाही, हा माझा नियम.
मग वच्छला पुढे आली. पाया पडली. म्हणाली, "देवा, मले डोमा पसंत आहे. त्याच्याशीच लगन करू काय?"
माझी मान ठेक्यात वरखाली होत होती. थांबवली असती, पण चैतू थांबेना. सोमाजींनी पाहिले. तेही पाया पडले.

२८ ऑक्टोबर
म्हैस सापडली. गाताना माझा हात तळ्याकडे गेला होता, तिकडेच.
सोमाजींकडे जाऊन स्पष्ट सांगितले, ते अमेरिकेचे गाणे होते. माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाले, "ज्याच्या अंगात येते त्या झाडाले काई आठवत नाई बाप्पा. देव बोलून जाते."
सध्या बोलणी पुढे ढकलली आहेत.

१ डिसेंबर
वच्छला आणि डोमाचे लग्न. मला पाटावर, पहिल्या पंगतीत बसवले. उभ्या कॉलरचा शर्ट घातला होता. फार छान शिवला आहे.
जेवणानंतर गाण्याचा आग्रह झाला. तेच म्हटले, सगळ्या ओळी, एकही शब्द न चुकता. कंबर मात्र हलली नाही.
सोमाजी शेवटपर्यंत हात जोडून बसले होते. मग हळहळून म्हणाले, "आज नाई आला."