शांतीलालचं जेवण

परतूर,
माघ वद्य तृतीया, सन १९५५

प्रिय मित्र रामराव यास,

परतूरहून सुगनचंदचा जय जिनेंद्र, आणि तुला तो पचत नसेल तर रामराम, दोन्हीतलं जे आवडेल ते घे. तुझी गुडघेदुखी, वहिनींचा खोकला, मळ्यातली विहीर आणि तो तांबडा मारका बैल, सगळ्यांची तब्येत कशी आहे ते सविस्तर लिही. इकडं सर्व खुशाल. जिनिंग चालू आहे, बसंतीबाई (म्हणजे आमचं कुटुंब) नेहमीसारखी माझ्यावर नाराज आहे, म्हणजे तिची तब्येत बराबर आहे. फक्त आईनं, आमच्या माँजींनी, अन्न सोडलंय. ते पुढं ओघानं येईलच. काही काम आहे म्हणून पत्र लिहून राह्यलो असं मनात आणू नको. उर्दू शाळेत एका बाकावर बसून मौलवीसाहेबांच्या छड्या खाल्लेली माणसं आपण, आपल्यात कसलं आलंय काम? सहज आठवण आली, बस.

तर झालं असं. दिवाळीनंतर मुंबईची एक पिक्चर कंपनी परतूरला उतरली. पिक्चरचं नाव 'बियाबान का पहरेदार'. जंगलात चोरून शिकार करणारी टोळी, जनावरांना पकडून पिंजऱ्यात कोंबणारे बदमाश, आणि त्यांना हाणून पाडणारा हिरो, अशी गोष्ट. परतूरला जंगल कुठून आलं, असं तू विचारशील. मीबी विचारलं. डायरेक्टर म्हणाला की जंगल कॅमेऱ्यात असतं, आपण फक्त झाडं पुरवायची. त्याला माझं जिनिंगचं आवार पाहिजे होतं. सरकीच्या ढिगावर हिरवं कापड टाकलं की डोंगर, केळीचे खुंट उभे केले की घनदाट अरण्य. हत्ती परवडला न्हाई म्हणून हत्तीचा नुसता आवाज मुंबईला भरणार होते. लाकडाची एक मगर आणली होती, ती दुधना नदीत सोडली की पोट वर करून तरंगायची. खरं जनावर म्हणाल तर एकच, एक म्हातारा बिबट्या. त्यानंच कधी नर व्हायचं, कधी मादी, आणि गरज पडली तर कळप.

मी आवार देणार नव्हतो. हंगामाच्या दिवसांत कोण देतो? पण डायरेक्टर बेरकी निघाला. माझा नकार ऐकला आणि सरळ ओसरीवर जाऊन माँजींच्या पाया पडला. (आमच्या माँजी, धापूबाई, तुला ठाऊकच आहेत. लहानपणी तुझ्या हातात गलोल बघून त्यांनी तुझा कान पिरगाळला होता, तो अजून तेवढाच लाल आहे.) त्यांनी गोष्ट काय ती विचारली. जनावरं वाचवणाऱ्या माणसाची गोष्ट आहे म्हटल्यावर माँजींचे डोळे भरून आले. हे तर जीवदयेचं काम, म्हणाल्या, आवार काय, घर घ्या. मंग कंपनीची राहायची सोय आमच्याकडं, जेवण आमच्याकडं. अटी मात्र रोखठोक: आवारात मांस-मच्छी, अंडं येणार न्हाई, कांदा-लसूण येणार न्हाई, आणि सगळ्यांचं जेवण सूर्य मावळायच्या आत. हिरो पहिलवान गडी, रोज सकाळी उकडलेली अंडी खाणारा. चार दिवस मुगाची डाळ खाऊन त्याचा आवाज बारीक झाला. बदमाशांना दम देतो तेव्हा उसने मागायला आल्यासारखा वाटायचा.

बदमाशांचा म्होरक्या कोण, तर मी. हसू नको. मुंबईचा बदमाश तापानं आजारी पडला आणि डायरेक्टरला माझ्या मिशा आवडल्या. माझ्या उभ्या खानदानात कुणी ढेकूण मारला न्हाई, आणि मला डोक्यावर हॅट, पायात बूट, हातात बंदूक देऊन बिबट्यासमोर उभा केला. (बंदूक लाकडाची होती, बूट एका पायाला मोठा होता.) मी नेम धरला, डोळे वटारले, बराबर जमून राह्यलं होतं. तेवढ्यात माँजी ओसरीवरून उठल्या, केळीच्या अरण्यातून चालत आल्या आणि बंदुकीच्या आडव्या उभ्या राहिल्या. सुगन, आधी मला मार, म्हणाल्या. मी म्हटलं, माँजी, खोटं आहे. त्या म्हणाल्या, तुझा चेहरा खोटा दिसत न्हाई. डायरेक्टरनं कॅमेरा चालूच ठेवला आणि माँजींना पिक्चरमध्ये वनदेवी करून टाकलं. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं न्हाई.

शेवटचा सीन असा की हिरो पिंजरा उघडतो आणि बिबट्या झेप घेऊन जंगलात निघून जातो. पिंजरा उघडला. बिबट्यानं दाराकडं पाहिलं, जांभई दिली, आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकवली. हिरोनं हाका मारल्या (लांबून), ढोल वाजवले, मागून काठी लावली. बिलकुल हलला न्हाई. सर्कशीत जन्मलेलं जनावर ते, बाहेर काय असतं त्याला काय ठाऊक? माँजी पिंजऱ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, नसेल जायचं तर राहा बापा, हे घर तुझंच आहे. झालं. डायरेक्टरनं ते शब्द पक्के धरले. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं कंपनी मुंबईला गेली, आणि बिबट्या, पिंजरा, पिंजऱ्याची बैलगाडी आणि बिबट्याला सांभाळणारा ख्वाजामियाँ आमच्याकडं ठेवून गेली. बोलावणं पाठवतो म्हणाले. अजून पाठवून राह्यलेत.

बिबट्याचं नाव सुलतान होतं, माँजींनी ते बदलून शांतीलाल ठेवलं. ख्वाजामियाँ भला माणूस, सर्कस मोडल्यापासून त्या जनावरासोबतच राहिलेला. आवारातला नियम त्याला सांगितला तर मान हलवून जी माँजी म्हणाला. त्या दिवसापासून शांतीलालला दूध आणि ज्वारीची भाकरी. दूध तो प्यायचा. भाकरीवर पाय ठेवून बसायचा. सकाळी ख्वाजामियाँ पिंजऱ्याची गाडी जुंपून त्याला दुधनेकाठी हवा खायला न्यायचा आणि परत आला की माँजी त्याला आधी विहिरीवर हातपाय धुवायला लावायच्या. (माँजींचं सोवळं तुला माहीत आहे, मी त्यात कधी डोकं घातलं न्हाई.) आणि काय सांगू, शांतीलालची तब्येत सुधारली! केस चमकायला लागले, अंग धरलं, खाऊन झालं की घुर्र करून लोळायचा. बातमी जालन्यापर्यंत गेली. परतूरचा बिबट्या दूध-भाकरीवर राहतो, म्हणून माणसं दर्शनाला यायला लागली. आमच्या समाजातले थोर, जालन्याचे जेठमलजी, बायामाणसं घेऊन आल्ते. पिंजऱ्यासमोर उभं राहून त्यांनी भाषण केलं. हा संगतीचा परिणाम आहे, असं मीच त्यांना सांगितलं, आणि चार लोकांत मान वर करून फिरलो, हे तुझ्यापासून काय लपवू.

मंग ख्वाजामियाँला जालन्याहून निरोप आला. त्याची लेक मैमूना बाळंत होणार होती आणि घरात दुसरं कुणी न्हाई. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेल्तो. गाडी हलायच्या टायमाला त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "सेठ, बुरा नक्को मानो. शेर के जात का जानवर है, दूध पे कित्ते दिन जीता? मैं रोज नदी के पार ले जाके खिलाता था." काय खिलाता था ते मी विचारलं न्हाई. गाडी गेली आणि मी फलाटावर उभा राहिलो. हमाल विचारून राह्यला होता, सेठ, सामान कुठंय?

त्या दिवसापासून शांतीलालनं दुधालाही तोंड लावणं सोडलं. मी तूप दिलं, ते चाटलं. मावा दिला, हुंगला. बसंतीबाईनं दालबाटी कुस्करून दिली, तर तोंड फिरवून बसला. (तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.) गावात बोलबाला झाला की बिबट्या उपवास करून राह्यलाय. जेठमलजी पुन्हा आले. त्यांच्या मते हे साधं जनावर न्हाई, त्यानं मोठं व्रत धरलंय, आणि पारण्याच्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक काढायची. बँडवाल्याशी बोलूनही टाकलं. सगळे हात जोडून उभे होते. एकट्या माँजी पिंजऱ्याजवळ बसून राहिल्या आणि सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "उपास धरलेला दाराकडं बघत न्हाई, सुगन. हा भुकेलाय." ते खरंच होतं. ख्वाजामियाँ ज्या दरवाजातून यायचा त्या दरवाजावरून त्याची नजर हटत नव्हती. माँजींनी त्याच दिवशी सांगून टाकलं: हा जेवल्यावर मी जेवीन.

रामराव, तुला माहीत आहे माझी आई कशी आहे ती. आठ-आठ दिवस गरम पाण्यावर काढणारी बाई, तिचं बोलणं धमकी नसतं. पण आता वय झालंय. उठताना भिंत धरते, परवा माळ जपताना हातातून खाली पडली तर मलाच उचलून दे म्हणाली. मला भीती वाटून राह्यलीय, सरळ सांगतो. सांगावं तर काय सांगावं? खरं सांगितलं तर सगळ्या समाजाच्या दर्शनावर पाणी, आणि माँजींना वाटणार की त्यांच्या आवारातल्या जीवासाठी रोज दुसरा जीव गेला. न सांगावं तर दोघंही माझ्या डोळ्यांसमोर सुकून चाललेत.

शेवटी मन घट्ट केलं आणि खाटिकांच्या गल्लीत गेलो. गल्लीच्या तोंडाशीच सगळ्यांनी सलाम ठोकले. दर पर्युषणात मी तिथं बकरे सोडवायला जातो ना, तेवढीच माझी ओळख. सेठ, यंदा इतक्या जल्दी? म्हणत त्यांनी दोन बकऱ्या माझ्या हातात दिल्या. मला जे मागायचं होतं ते तोंडातून निघेना. चार लोक बघून राह्यले होते, त्यातला एक म्हातारा तर दुवा देऊन राह्यला होता. मंग काय, सिराजोद्दीन खाटकानं कपाळाला गंध लावून दिलेल्या त्या दोन बकऱ्या सोडवून मी घरी आलो. आवारात शिरलो आणि शांतीलाल इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठून उभा राहिला. माँजींनी बकऱ्या तडक स्वयंपाकघरात न्यायला लावल्या. त्या आता तिथंच आहेत, बसंतीबाईची पापडाची उडीद डाळ खाऊन राह्यल्यात.

असं आमचं सगळं खुशाल आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तांबड्या बैलाला लांबून.

तुझा,
सुगनचंद

ता. क. लिहायचं राहून गेलं. तुझ्या बदनापूरच्या मळ्यातली ती दगडी खोली रिकामी आहे का? शांतीलालला हवापालट पाहिजे. तू आयतवारी काय खातोस हे मी मित्र म्हणून आजपर्यंत कधी काढलं न्हाई, आज काढतो. तेच त्याला घाल, आयतवाराची वाट बघू नको. बाकी मी विचारणार न्हाई आणि तू सांगू नको.

ता. क. दुसरं. खोली रिकामी नसली तरी कर. पिंजरा आजच स्टेशनवर नेऊन ठेवलाय. हे पत्र गार्डाच्या हाती देऊन राह्यलो, त्याच गाडीला शांतीलालचा डबा जोडलेला आहे, म्हणजे पत्र वाचताना तो तुझ्याकडं बघत असेल. माँजी सोबत आहेत. तो जेवलेला बघितल्याशिवाय घास घेणार न्हाई म्हणतात. तर त्यांना घरात वहिनींजवळ बसव, मळ्याकडं फिरकू देऊ नको, आणि शांतीलाल दूध-भाकरी खाऊन राह्यलाय म्हणून सांग. खोटं बोलायचं पाप माझ्या माथी.

ता. क. तिसरं. वरचं सगळं माँजींना वाचून दाखवावं लागलं. मी मधलं गाळून वाचत होतो तर म्हणाल्या, गाळू नको. आता त्या सांगतात तसं लिहितो:

रामराव, लेकरा, मला घरात बसवू नको. ख्वाजामियाँ नदीवरून आला की मी त्याला हात धुवायला लावायची, ते काय उगीच? मला वास येत न्हाई का? मला तोंडानं सांगता येत न्हाई बापा, म्हणून जेवण सोडलं. या सुगनला कळायला एवढा वेळ लागला. तू त्याला पोटभर घाल. काय घालतोस ते मला सांगू नको, मी तिथंच पाठ करून बसते. त्यानं खाऊन तोंड चाटलं की मला हाक मार. आणि सूर्य मावळायच्या आत मार, मंग मला खाता येत न्हाई.