‘टी ब्रेक’ ही बोट आणि बाकीचे सगळे

मी, एनिड मॉड हार्डकॅसल, कै. रॉय हार्डकॅसल यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मूळची वॉल्सॉल, इंग्लंडची, गेली पंचेचाळीस वर्षे राहणार वाइकावा बे, पिक्टन, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कमरेखालचा भाग ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्र पायांनी लिहायचे नसते. मला कुणी धाक घातलेला नाही, दारू पाजलेली नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. यातली शेवटची गोष्ट कुणी करून पाहिली असती तर बरे वाटले असते.

यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात मी फारच भली होते आणि दुसऱ्यात भित्री. हे तिसरे लिहिण्याचे कारण एकच. ‘टी ब्रेक’ ही बोट माझ्या नावावर आहे आणि माझा धाकटा दीर क्लिफर्ड तिच्यावर राहतो. त्याला दुसरे घर नाही. माझ्यामागे ती त्याची राहणार की नाही, हे इथे ठरेल.

कलम १. मला जाळावे आणि रक्षा नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरावी. समुद्रात टाकू नये. आमच्या क्लबात कुणी गेले की वीस-पंचवीस बोटी निघतात, भोंगे वाजतात, लोक डोळे पुसतात आणि मग सॉसेज रोलवर तुटून पडतात. माझ्या नावाने हे काही करू नये. क्लबचे अध्यक्ष नॉर्मन ट्वीडी यांनी भाषण तर मुळीच करू नये. आम्ही नवे असताना याच गृहस्थांनी रॉयला सगळ्यांदेखत ‘कुरकुऱ्या इंग्रज’ म्हटले होते आणि पुढच्याच रविवारी आमच्याकडे फुकट जेवून गेले होते.

कलम २. रॉयची हत्यारे शाळेच्या सुतारशाळेला द्यावीत. रंधे, करवती, शिकंजे, सगळे. रॉय विलेनहॉलच्या कुलूप कारखान्यात कातारी होता. तिथे आम्हाला बोट म्हणजे पांढऱ्या विजारी घालणाऱ्या लोकांची चैन. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात रॉय घाबराघुबरा होऊन घरी आला.

“एनिड, पोस्टमनची बोट आहे,” तो म्हणाला.

“चोरली असेल.”

“नाही ग. गटारं साफ करणाऱ्याचीपण आहे. शाळेत पोरांना वाढते ना, त्या बाईचीसुद्धा आहे. गॅरेजमध्ये बांधतात म्हणे, प्लायवूडची.”

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तीन वर्षे आमची मोटार पावसात उभी राहिली आणि गॅरेजमध्ये सव्वीस फुटांची बोट. कारखान्यात चहाला दहा मिनिटे मिळायची, म्हणून तिचे नाव ‘टी ब्रेक’. ही सुट्टी संपवायला भोंगा वाजणार नाही, असे रॉय म्हणायचा. मी त्या वर्षांत सुखी होते. हे मी कुणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पटाशीचा एक संच ट्वीडींनी १९८२ साली दोन दिवसांसाठी नेला होता. तो मी त्यांनाच देते, म्हणजे लाटलेला माल निदान कायदेशीर होईल.

कलम ३. छायाचित्रांचे अकरा आल्बम माझी बहीण डोरीन, राहणार वॉल्सॉल, हिला पाठवावेत. टपालखर्च तिने भरावा. आम्ही निघालो तेव्हा ती गोदीवर म्हणाली होती, “सहा महिन्यांत रडत परत याल, आणि तुमची खोली मी भाड्याने दिलेली असेल.” प्रत्येक फोटोत ऊन आहे. मागे तारीख आहे आणि त्या दिवशी वॉल्सॉलला काय हवामान होते तेही मी वर्तमानपत्रात बघून लिहिले आहे.

कलम ४. मला बोटीवर चढवायची खुर्ची क्लबला द्यावी. ज्याचे पाय गेले असतील त्याने वापरावी. सहा वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही खुब्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, आता बोट विसरा. क्लिफने एक फळी घेतली, तिला पाठ लावली, पट्टे शिवले, कप्प्या बसवल्या. दर गुरुवारी तो मला चाकांच्या खुर्चीतून त्या फळीवर घेतो, दोर ओढतो आणि मी धक्क्यावरून उडत बोटीत जाते. सुकाणूही त्याने बसल्या जागी हातात येईल असे करून दिले. खाडीतल्या वाऱ्याला पाय लागत नाहीत. दोन पायांची माणसे घरात दूरदर्शन बघत असतात तेव्हा मी शीड ओढत असते.

पहिल्या दिवशी मी पाण्यावर अधांतरी असताना त्याने विचारले, “भीती वाटते का?”

“वाटणारच. याआधी तुझ्या भरवशावर एक माणूस पाण्यात होता,” मी म्हणाले.

त्याने मला सावकाश खाली घेतले आणि पाठीमागे उशी सरकवली.

कलम ५. ‘टी ब्रेक’ ही बोट, शिडे, नांगर, भांडीकुंडी आणि खाडीतली तिची बांधायची जागा यांसह, मी क्लिफर्ड हार्डकॅसल याला देते.

त्याने ती कमावली आहे यात शंका नाही. सत्तावीस वर्षे तो तिचा तळ खरवडतो, रंग देतो, माझे गवत कापतो, मला डॉक्टरकडे नेतो. रॉय गेल्यावर क्लबात त्याच्यासोबत कुणी बोटीवर चढेना. ट्वीडींनी बारमध्ये विनोद केला, “सुकाणू क्लिफकडे असेल तर मी पोहतच येतो.” मीही हसले होते. दोन वर्षांनी त्याची बायको निघून गेली, घर विकले गेले, आणि मी त्याला बोटीत राहू दिले. लोक म्हणाले, एनिडचे मन मोठे.

दर वर्षी सतरा फेब्रुवारीला तो येतो, टोपी हातात घेऊन उभा राहतो आणि तेच विचारतो.

“एनिड, खरं सांग. मी वळायला उशीर केला का?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, केला.”

“मग मला कशाला विचारतोस?”

त्याला माझ्याकडून एक वाक्य हवे आहे. बोटीपेक्षा जास्त हवे आहे, हे मला माहीत आहे.

कलम ६. ते वाक्य असे : क्लिफने उशीर केला नाही.

सतरा फेब्रुवारी १९९१ रोजी आम्ही तिघे खाडीच्या तोंडाबाहेर होतो. दक्षिणेचा वारा अचानक उठला. रॉय पुढे शीड बदलायला गेला आणि पाण्यात पडला. आमच्याकडे शिकवतात ते असे, की पडताना ज्याने पाहिले त्याने पडलेल्या माणसाकडे हात रोखायचा आणि काही झाले तरी खाली घ्यायचा नाही, नजरही हलवायची नाही. लाटांत माणसाचे डोके चेंडूएवढे दिसते, एकदा सुटले की सापडत नाही. सुकाणू धरणाऱ्याने पाण्याकडे न बघता त्या हाताकडे बघून बोट न्यायची. रॉयला पडताना मी पाहिले. हात मी रोखला होता.

बोट वळली तशी कलंडली आणि आईचा बिस्किटांचा डबा माझ्या पायाशी घरंगळत कडेला चालला. मी वाकून तो धरला. तीन सेकंद, फार तर चार. पुन्हा वर बघते तर सगळीकडे पाणी, आणि प्रत्येक लाट दुसरीसारखी.

क्लिफ ओरडला, “कुठे? एनिड, कुठे?”

‘मला माहीत नाही’ असे म्हणायला हवे होते. म्हणाले असते तर त्याने स्वतः शोधले असते, गोल फिरला असता. मी हात सरळ केला आणि म्हणाले, “तिकडे.” तिकडे काहीही नव्हते. क्लिफ माझ्या हाताच्या रेषेत गेला, अगदी सरळ, त्याच्याइतके कुणी सरळ जाऊच शकले नसते. रॉय दुसऱ्या दिवशी मिळाला, उलट्या बाजूला.

चौकशीत मी सांगितले, क्लिफला वळायला उशीर झाला. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “झाला असेल.” डबा वाचला. अजून स्वयंपाकघरात आहे, त्यात मी चहाची पूड ठेवते.

हे मी आधी का सांगितले नाही, असे कुणी विचारील. सांगितले असते तर माझे गवत कुणी कापले असते? आणि दुसरे असे, की ज्याचे आपण वाटोळे केले त्याचे तोंड रोज समोर असले की त्याचाच राग येऊ लागतो. मला क्लिफचा राग येतो. तो उशी सरकवतो तेव्हा सगळ्यात जास्त येतो.

कलम ७. घर, बँकेतली शिल्लक, आणि वरीलपैकी जी देणगी कोणत्याही कारणाने रद्द होईल ती वस्तूसुद्धा, डोरीनला मिळेल. डोरीनला पाण्याची शिसारी आहे. तिच्या हाती बोट लागली तर ती आठवड्यात विकून मोकळी होईल.

कलम ८. वकीलबाईंनी मला बजावले आहे, की या देशात मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या नावचे कलम बाद होते. क्लिफला हे माहीत नाही. या क्षणी तो स्वयंपाकघरात भांडी विसळतो आहे. मी त्याला हाक मारणार आहे. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते आणि तो माझे कागद कधी वाचत नाही, मी दाखवीन तिथे सही करतो.

कलम ६ मात्र देणगी नाही, ते बाद होत नाही. मी गेल्यावर तो ते वकिलांच्या कचेरीत ऐकेल, आणि त्याच बैठकीत बोट गेल्याचेही ऐकेल. वाक्य त्याला देते, घर काढून घेते. दोन्ही एकदम दिली तर मी त्याची क्षमा मागितल्यासारखे होईल, आणि क्षमा मागणे मला कधी जमलेले नाही.

हे मृत्युपत्र मी वाइकावा बे येथे, गुरुवार, दिनांक एक मार्च २०१८ रोजी, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले.

(सही) एनिड मॉड हार्डकॅसल

साक्षीदार :

१. (सही) नायरी पाराटा, शेजारीण, निवृत्त परिचारिका

२. (सही) क्लिफर्ड हार्डकॅसल, मुक्काम ‘टी ब्रेक’, वाइकावा बे

एनिड, नायरीला दार उघडायला तू गेलीस. खुर्ची वळवून दारापर्यंत जाऊन यायला तुला बराच वेळ लागतो. तेवढ्यात सगळं वाचलं, कलम सहा दोनदा. तरी सही केली आहे, शुद्धीवर राहून. मला बोट कधीच नको होती, ते एक वाक्य हवं होतं. शनिवारपर्यंत बोट रिकामी करतो. यापुढे तुला तिच्यावर चढवायला दुसरं माणूस बघ.
— क्लिफ